ऑर्लिन ट्वेट, तीन लिटर

दहनगृहातून परत आला तेव्हा ऑर्लिन ट्वेट तीन लिटर भरला. त्याच्या बायकोने, आर्डिसने, त्याला स्वयंपाकघरातल्या मापाच्या भांड्याने दोनदा मोजलं, कारण एकदाच मोजलेल्या आकड्यावर तिचा विश्वास नसे. लोन बट गावच्या शाळेत तिने एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं, आणि त्या एकतीस वर्षांत तिच्या वर्गातून 'अंदाजे' हा शब्द घेऊन कुणी पास झालं नव्हतं.

मोजण्याला कारण होतं. ऑर्लिन गावच्या नेमबाजी क्लबचा जुना सभासद, आणि त्याची एक वही होती. चाळीस वर्षं गॅरेजमध्ये बसून त्याने जी जी काडतुसं भरली, त्या सगळ्यांची नोंद तिच्यात होती: तारीख, दारूचं वजन, गोळीचं वजन, वारा, निकाल. शेवटच्या पानावर थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं:

'आर्डिस, मला माझ्या पंचेचाळीस-सत्तरच्या नळीतून बाहेर काढ. क्लबच्या मैदानावर, ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी, मेळाव्याच्या दिवशी. सगळाच्या सगळा. कुठल्या फळीवर थोडासा उरलोय असं नको.'

इस्पितळात त्याने हेच तोंडी सांगितलं होतं आणि ती 'हो' म्हणाली होती. पंचेचाळीस-सत्तर ही त्याची लाडकी बंदूक, एकावेळी एकच काडतूस घेणारी, अंगठ्याएवढी गोळी फेकणारी. तिच्या मनात आलं होतं, औषधाच्या गुंगीत बोलतोय. पण वहीतली तारीख मार्चची निघाली, म्हणजे औषधं सुरू व्हायच्या आधीची. आता शब्द दिला तो दिला. घर विकलं गेलं होतं. मेळाव्यानंतरच्या सोमवारी सामानाचा ट्रक येणार होता आणि आर्डिस कायमची स्पोकेनला, बहिणीकडे दोन खोल्यांत राहायला जाणार होती. त्या खोल्यांत एक फळी होती. बहिणीने फोनवर मोठ्या मायेने सांगितलंही होतं, "ऑर्लिनसाठी मी फळी रिकामी करून ठेवलीय बरं का."

म्हणून आर्डिस पेन्सिल घेऊन बसली.

राख गोळीत भरायची रीत त्या भागात नवी नव्हती. शिशाच्या गोळीच्या नाकाला एक खळगा असतो. त्यात चिमूटभर माणूस घालायचा, वरून मेण लावायचं, आणि एरवीसारखं काडतूस भरायचं. कुणाकुणाचे वडील असे गेले होते. एका घरची कुत्रीही गेली होती. पण त्या सगळ्यांनी चिमूट-दोन चिमटीच पाठवल्या होत्या. सगळाच्या सगळा कुणी मागितला नव्हता.

एका खळग्यात राख मावत होती एक दशांश मिलिलिटर. तीन लिटरना काडतुसं लागत होती तीस हजार. तीस हजार गोळ्यांना शिसं सातशे ऐंशी किलो. वीस सेकंदांना एक या वेगाने झाडायचं म्हटलं, तर सात दिवस आणि सात रात्री, मध्ये जेवण नाही.

"जमेल," शेजारचा डेल्मर क्रोग्स्टाड कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरून म्हणाला. डेल्मर चौऱ्याहत्तर वर्षांचा, ऑर्लिनचा जिवाभावाचा मित्र. डोळ्यांत मोतीबिंदू, पण चष्मा लावला की बंदूकवाल्याची इभ्रत जाते असं त्याचं ठाम मत. "मेळाव्याला क्लबचे तीस जण असतो. माणशी हजार."

"आणि खांद्यांचं काय?"

"खांदे दोन असतात की."

पण क्लबची अध्यक्षीण रोझली स्ट्रूप हिने तेही उडवून लावलं. रोझली एकेकाळी आर्डिसच्या वर्गात होती. आता ती पंचेचाळिशीची होती, टपाल कचेरी सांभाळत होती, तरी आर्डिससमोर आली की हात मागे बांधून उभी राहायची.

"मिसेस ट्वेट, दुसऱ्याने घरी भरलेलं काडतूस आमच्यात कुणी झाडत नाही," ती म्हणाली. "सख्ख्या भावाचंही नाही. ज्याने भरलं त्यानेच झाडायचं. तुम्ही भरणार तर तुम्हीच."

"तीस हजार?"

"डेल्मर बरोबरीने भरणार असेल, तर पंधरा-पंधरा."

आर्डिसने त्यावर शास्त्रीय तोडगा काढला. धान्याच्या गाडीतला माल तपासायला कुणी गाडीभर धान्य दळत नाही. सगळा ढीग नीट कालवतात आणि त्यातला नमुना घेतात. कालवणं प्रामाणिक असेल, तर नमुन्यात सगळी गाडी असते. ऑर्लिनजवळ काडतुसांच्या पितळी पुंगळ्या होत्या एकशे चाळीस. एकशे चाळीस गोळ्यांत नीट कालवलेला ऑर्लिन गेला, म्हणजे सगळा गेला असं मानायला शास्त्राची हरकत नव्हती.

हे क्लबच्या मंगळवारच्या बैठकीत ठरावाच्या रूपाने मांडलं गेलं. सूचक, अनुमोदक, चर्चा, सगळं रीतसर झालं. दीड तास वाद चालला. एकाने विचारलं, ऑर्लिनचा डावा गुडघा लोखंडी होता, तो नमुन्यात येईल का? तो दहनगृहाने आधीच काढून घेतल्याचं आर्डिसने सांगितलं. मग त्या गुडघ्याला 'सगळा' यात धरायचं का, यावर वेगळं मतदान झालं आणि गुडघा बारा मतांनी बाहेर पडला. शेवटी नमुन्याचा ठराव सोळा विरुद्ध चौदा असा पास झाला. डेल्मरचं मत विरोधात होतं.

"मला शिकवू नकोस," बाहेर गाडीपाशी तो आर्डिसला म्हणाला. "एक चमचा खीर खाल्ली म्हणजे पातेलं संपलं असं होत नाही."

"शास्त्राने तसंच आहे."

"मग उरलेल्या खिरीचं काय करणारेस?"

आर्डिस गाडीत बसली. उरलेला ऑर्लिन, म्हणजे दोन लिटर नऊशे शहाऐंशी मिलिलिटर, शास्त्राच्या दृष्टीने आता नुसती शिल्लक होती. पण ती शिल्लक सोमवारी ट्रकमध्ये चढणार होती आणि स्पोकेनला एक फळी वाट बघत होती. मत जिंकूनही त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

तरी काम सुरू झालं. गॅरेजमधल्या बाकावर ऑर्लिनची टरेट प्रेस, काडतुसं भरायचं यंत्र, पक्क्या बोल्टांनी बसवलेली होती. चाळीस वर्षं आर्डिसने तिचा नुसता आवाज ऐकला होता: खर्र, कटक. खर्र, कटक. आता डेल्मर तिला ती दाखवत होता, आणि दाखवताना त्याचा आवाज चर्चमधल्यासारखा खाली आला होता.

"वर ही चकती. तिला चार भोकं, चार भोकांत चार डाय, म्हणजे साचे. पुंगळी खाली बसवायची आणि दांडा ओढायचा. पहिल्या ओढीत जुना प्रायमर, म्हणजे बुडाची ठिणगीची टिकली, बाहेर पडून पुंगळी पुन्हा मापात येते. दांडा परतताना नवा प्रायमर बसतो. चकती आपोआप पाव फेरा फिरते. दुसऱ्या ओढीत तोंड रुंद होतं आणि वरच्या मापातून दारू पडते. तिसरीत गोळी बसते. चौथीत तोंड आवळलं जातं. झालं काडतूस."

आर्डिसने दांडा ओढला. खर्र, कटक. चकती फिरली. तिने पुन्हा ओढला.

"हे तर चांगलं आहे," ती म्हणाली.

"चांगलं? अगं, हा माणूस इथे चाळीस वर्षं कशाला बसायचा असं वाटलं तुला?"

"मला वाटायचं, माझ्यापासून लांब बसायला."

"तेही होतं," डेल्मर प्रामाणिकपणे म्हणाला आणि पुढे नियम सांगू लागला. भरताना रेडिओ नाही. गप्पा नाहीत. प्रत्येक पुंगळीत दिव्याखाली डोकावून दारूची उंची बघायची, मगच गोळी ठेवायची. आणि सगळ्यांत मोठा नियम: "बाकावर एका वेळी दारूची एकच बरणी. दुसरी फळीवर, झाकण लावून. बाकावर जी बरणी, तीच मापात. म्हणजे चूक व्हायला जागाच नाही."

"आणि लेबल?"

"लेबल बायका वाचतात. मी बाक बघतो."

आता ऑर्लिन ज्यातून आला तो प्लॅस्टिकचा डबा दुसऱ्याच दिवशी तडकला होता. आर्डिसने राख बेकिंगच्या मोठ्या ताटात पसरली, ढीग केला, चार भाग केले, पुन्हा कालवला, असं तीनदा केलं. मग ठेवायला काही हवं म्हणून ऑर्लिनचीच एक रिकामी मोठी काळी बरणी धुऊन घेतली. दारूची, धरायला मूठ असलेली, आतलं न दिसणारी. तिच्यावर पांढरी पट्टी चिकटवून लिहिलं: 'ऑ. ट्वेट, ३ लि., कालवलेला.' एका पदार्थाच्या बाटलीत दुसरा पदार्थ कधीही ठेवायचा नाही, हे वाक्य तिने एकतीस वर्षं दर जूनला आणि दर सप्टेंबरला फळ्यावर लिहिलं होतं. बरणी धुताना तिला ते आठवलंही. पण हा पदार्थ नव्हता, नवरा होता, आणि नवऱ्यासाठी तिने नियम कितीदा वाकवले होते याची मोजदाद नव्हती.

मेळाव्याच्या आधीच्या गुरुवारी तिने एकटीने पन्नास काडतुसं भरली. मापातली दारू संपली होती. उरलेल्या नव्वद गोळ्यांच्या नाकांत अजून राख घालायची होती. तिने दारूची बरणी नियमाप्रमाणे झाकण लावून फळीवर ठेवली आणि ऑर्लिनची बरणी बाकावर घेतली. छोट्या चमच्याने एकेक खळगा भरून, मेण लावून नव्वद गोळ्या तयार केल्या. इतक्यात घरात फोन वाजला.

बहीण होती. खिडक्यांच्या पडद्यांचं माप हवं होतं. पडद्यांवरून ती फळीवर आली, फळीवरून फळीवर कसलं कापड घालावं यावर. आर्डिस चाळीस मिनिटांनी सुटली. गॅरेजमध्ये आली तर डेल्मर बाह्या सरसावून बसलेला, समोर काडतुसांची रांग.

"ये, मास्तरीणबाई. तुझ्या गप्पा होईपर्यंत माझे नव्वद झाले." तो इतका खूश होता की मिशी वर गेली होती. "मापात दारू संपलेली ठेवून जातेस? मी भरून घेतली. प्रत्येकात डोकावून बघितलंय. उंची एकसारखी. केसाचा फरक नाही."

सगळी एकशे चाळीस काडतुसं त्यांनी एकाच लाकडी पेटीत ओतली; दोघांनी मिळून भरली, म्हणजे दोघांनी मिळून झाडायची. काळी बरणी आर्डिसने घरात नेली. थोडी हलकी वाटली खरी. पण त्या आठवड्यात तिला सगळंच हलकं वाटत होतं. जेवणच जात नव्हतं.

शनिवारी मैदानावर क्लबचे तीसच्या तीस जण आले. लांब टेबलांवर हरणाचे सॉसेज, बटाट्याचं सॅलड, लिंबाच्या वड्या, कॉफीचे थर्मास. वारा पश्चिमेकडून येत होता. रोझलीने टोपी काढली तशा सगळ्यांनी काढल्या.

"ऑर्लिन ट्वेट," ती म्हणाली, "नमुन्याने."

पहिला बार डेल्मरचा. दणका असा झाला की थर्मासची झाकणं वाजली. टेकडीच्या पायथ्याशी धूळ उडाली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्याने डोळे पुसले. मग आर्डिस पुढे आली. तिने आयुष्यात बंदूक झाडली नव्हती. डेल्मरने काडतूस घालून दिलं, खांद्याला दस्ता टेकवून दिला. तिने चाप ओढला.

टक.

एवढाच आवाज. बिस्कीट मोडावं तसा. टेकडी जागच्या जागी. गोळी कुठेच नाही.

"थांबा!" रोझली ओरडली. "कुणी हात लावू नका. मिसेस ट्वेट, नळीचं तोंड खाली. तशीच धरा."

काडतूस उशिरानेही पेटू शकतं, म्हणून तिने घड्याळावर पूर्ण मिनिट मोजलं. मग रोझलीने बंदूक घेतली, मागून उघडली, नळीतून बघितलं. नळी बंद होती. गोळी वीतभर पुढे जाऊन अडकली होती. त्यावर दुसरा बार काढला असता तर नळी फुटली असती आणि मेळाव्यात आणखी कुणीतरी तीन लिटर भरलं असतं. पितळी सळई आली, लाकडी हातोडी आली. ठोक ठोक करून गोळी मागून निघाली आणि तिच्यापाठोपाठ करडी पूड रोझलीच्या तळहातावर ओघळली.

"दारू ओली झाली असणार," कुणीतरी म्हणालं.

आर्डिसने चिमूट घेतली. दोन बोटांत चोळली. नाकाशी नेली. तिचा चेहरा फळ्यावर चुकीचं समीकरण दिसल्यासारखा झाला.

"रोझली, ही दारू नाही. हा ऑर्लिन आहे."

रोझलीचा हात तिथेच गोठला. मूठ मिटावी की उघडी ठेवावी, तिला कळेना.

"नाकात भरलेला सांडला असेल," डेल्मर म्हणाला.

"नाकात एक दशांश मिलिलिटर असतो. हा तीन-साडेतीन आहे. डेल्मर, गुरुवारी तू माप कशातून भरलंस?"

"बरणीतून."

"कुठल्या?"

"बाकावर होती त्या. एकच होती. नियमच आहे तो!" मग त्याचा आवाज हळूहळू खाली आला. "मी प्रत्येक पुंगळीत डोकावून बघितलं होतं गं. दिव्याखाली."

"कोणाला बघत होतास?"

"उंची बघत होतो."

"मित्र ओळखू आला नाही?"

"त्या उंचीवर नाही आला."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं निमित्त केलं. आर्डिस मनात गुणाकार करत होती. नव्वद गुणिले साडेतीन: तीनशे पंधरा मिलिलिटर. ऑर्लिनचा दहावा हिस्सा पेटीत होता, दारूच्या जागी. आणि नव्वद कुठली, पन्नास कुठली, ते सांगता येत नव्हतं. वजनाने कळेना, कारण राख आणि दारू जवळपास सारख्याच वजनाची, आणि पुंगळ्यांच्या वजनांत त्याहून जास्त फरक. कानाशी हलवून बघितलं, तर दोन्ही सारख्याच खुळखुळत होत्या.

"गोळीबार बंद," रोझली म्हणाली. "सॉरी, मिसेस ट्वेट. पेटीतलं एकही काडतूस आता झाडता येणार नाही. पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी मी इथे नाही. सोमवारी ट्रक आहे."

डेल्मर बाकावर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये घालून. "मी त्याला दारू समजलो," तो कुणाकडे न बघता म्हणाला. "चाळीस वर्षं ओळखत होतो त्याला."

आर्डिसला त्याला चार शब्द ऐकवायचे होते. त्याऐवजी तिने बंदूक उचलली, नळी खरंच मोकळी झाली का ते बघायला. ऐकीव गोष्टीवर तिचा विश्वास नव्हता. मागचा भाग उघडा होता. तिने डोळा लावला. पलीकडे आकाशाचा नाण्याएवढा गोल तुकडा दिसला, त्यात एक ढग. ती बघतच राहिली. मागून उघडं, पुढून उघडं. साडेअकरा मिलिमीटर व्यासाची, हातभर लांबीची लोखंडी नळी.

"रोझली," ती डोळा न काढता म्हणाली, "तुझ्या गाडीत नरसाळं आहे का?"

"तेलाचं आहे."

"स्वच्छ हवं."

"एक टेबलावर आहे, लिंबूपाण्याचं."

"आण. आणि माझ्या गाडीतून काळी बरणी आण. ऑर्लिन म्हणाला होता, नळीतून बाहेर काढ. आपण गेले तीन महिने त्याला गोळीत कोंबत बसलोय. त्याला गोळीची काय गरज? नळीतून ओतू या."

डेल्मरने मान वर केली. "हा गोळीबार नाही. हे पीठ चाळणं झालं."

"गोळीबार कर असं त्याने लिहिलंच नाही. वही गाडीत आहे, वाच."

"मनात तेच असणार त्याच्या!"

"असेल. पण मनातलं सांगायला तो कधी गॅरेजच्या बाहेर आला होता का? चाळीस वर्षं मला जे लेखी मिळालं, त्यावरच मी चाललेय."

ठराव मांडला गेला. अनुमोदन मिळालं. ओतण्याला बाहेर काढणं म्हणावं का, यावर चर्चा सुरू होणार इतक्यात रोझलीने घड्याळ दाखवून मतदान घेतलं. एकोणतीस विरुद्ध शून्य. डेल्मरने हात वर केला नाही, खालीही ठेवला नाही. तो उठला, बंदूक घेतली आणि तोंड टेकडीकडे खाली करून धरून उभा राहिला.

"धरणारा तर कुणी हवा," तो म्हणाला. "तुम्हाला तिरकी धरता येणार नाही."

मग काम दोन जागी चाललं. टेबलांवरच्या थाळ्या बाजूला सारून लोक एकशे अडतीस काडतुसं उघडायला बसले. त्यासाठी प्लॅस्टिकचा पोकळ हातोडा असतो. त्यात काडतूस अडकवून ठोकलं की आतली गोळी सुटून येते. असे नऊ हातोडे निघाले. अक्रोड फोडायला बसल्यासारखं सगळं मैदान वाजत होतं. दारू निघाली की एका डब्यात, ऑर्लिन निघाला की सॅलडच्या रिकाम्या भांड्यात. नाकांतलं मेण टाचणीने उकरायचं काम वयस्क बायकांनी घेतलं. मध्येच कुणीतरी ओरडायचं, "दारू!" आणि लांबून दुसरं कुणी, "ऑर्लिन! ऑर्लिन! अजून एक ऑर्लिन!" मोजणीला एकोणनव्वद ऑर्लिन आणि एकोणपन्नास दारू निघाल्या. आकडा जुळला तेव्हा आर्डिसला त्या आठवड्यात पहिल्यांदा भूक लागली.

दुसरीकडे रांग लागली होती. प्रत्येक जण एकेक पळी नरसाळ्यात ओतायचा, रोझली नळीला रबराच्या हातोडीने टिचक्या मारायची आणि समोरच्या तोंडातून करडी धार सुटायची. धार मध्येच अडायची. मग डेल्मर बंदूक जरा हलवायचा आणि पुटपुटायचा, "चल रे, किती वेळ? नेहमीचंच तुझं." धार पुन्हा सुरू व्हायची. वारा ती उचलून टेकडीकडे न्यायचा. दर वेळी तिकडेच नेईल अशी मात्र खात्री नव्हती. एकदा झोत उलटला आणि लिंबाच्या वड्यांवर कुणीतरी पटकन ताट उपडं घातलं.

दोन तास दहा मिनिटांनी बरणी आणि सॅलडचं भांडं, दोन्ही रिकामी झाली. आर्डिसने ती उलटी करून थोपटली, आत फुंकर मारली, मग नरसाळंही फुंकलं.

"नळी राहिली," डेल्मर म्हणाला. "आत कडांना चिकटला असेल."

सळईच्या टोकाला फडक्याचा चौकोनी तुकडा लावून नळीतून ढकलला. करडा निघाला. दुसरा, जरा कमी करडा. तिसरा. चौथा. लोक गोल करून उभे. सहाव्याला रोझली म्हणाली, "स्वच्छ." डेल्मर म्हणाला, "करडा." तुकडा हातोहात फिरला. मोतीबिंदूवाल्याला सगळंच करडं दिसतं, असं कुणीतरी बोललं.

आर्डिसने सातवा तुकडा उन्हात धरला. प्रत्येक फडक्याला आधीच्याच्या निम्मा, हे तिच्या लक्षात आलं होतं. निम्म्याचा निम्मा, त्याचा निम्मा. हे शून्यावर कधीच येणार नव्हतं. पन्नास फडकी मारली तरी वहीतला 'सगळाच्या सगळा' हा शब्द एका कणाने पुढेच राहिला असता. वर्गात हे शिकवताना तिला मजा यायची. आता तिने तुकडा खाली ठेवला.

"याला एकच उपाय," डेल्मर म्हणाला. "एक खरा बार. नळी झाडून नेईल. पण काडतूस..." त्याने इकडेतिकडे बघितलं. पंचेचाळीस-सत्तरची त्या क्लबात दुसरी बंदूकच नव्हती. तो कान खाजवत आपल्या गाडीकडे गेला, सीटखाली हात घालून बराच वेळ काहीतरी शोधलं आणि मूठ झाकून परत आला. मूठ उघडली. चकचकीत, कारखान्यात भरलेलं, खोक्याची चिठ्ठी अजून चिकटलेलं.

क्लबात विकतचं काडतूस कुणी कबूल करत नसे. सगळे पुढे वाकले.

"डेल्मर," रोझली हळूच म्हणाली, "दुकानातलं?"

"ते... पाहुणे आले तर म्हणून."

"तुझ्याकडे पाहुणे येतात?"

"ऑर्लिनची ही बंदूक मी मधूनमधून उसनी न्यायचो. नेम लागला पाहिजे ना कधीतरी!" तो लालबुंद झाला होता. "त्याला सांगितलं नव्हतं. आता कळलं त्याला. झालं समाधान?"

आर्डिसने काडतूस त्याच्या तळहातावरून उचललं आणि स्वतः नळीत सरकवलं. दस्ता खांद्याला घट्ट टेकवला. कुणी टोप्या काढा म्हणालं नाही. काही जणांच्या हातात अजून सॉसेज होतं. तिने चाप ओढला.

दणक्याने ती दोन पावलं मागे गेली आणि रोझलीच्या अंगावर आदळली. टेकडीवर धूळ उडाली. नळीच्या तोंडाशी एक करडा ढग क्षणभर लटकला, वाऱ्याने त्याला हलवलं, आणि तो टेकडीकडे न जाता सरळ मागे वळून गर्दीवर आला. सगळ्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा डेल्मरची मिशी पूर्ण करडी झाली होती. तो श्वास रोखून, हात बाजूला धरून, पुतळ्यासारखा उभा होता.

"आर्डिस," तो ओठ न हलवता म्हणाला, "माझ्यावर आहे तो. हलू का नको? हा 'सगळा' यात धरायचा का? सभा बोलवायची का?"

खांदा चोळत आर्डिसने आठवं फडकं नळीतून ढकललं. बाहेर आलं ते काळं कुळकुळीत होतं, नुसत्या काजळीने. करडं काही नाही. तिने ते दोन्ही बाजूंनी बघितलं, घडी केली आणि रोझलीच्या हातात दिलं.

"मिशी झटक," ती म्हणाली. "नळीतून बाहेर काढायचं काम माझं होतं, ते झालं. पुढे कुठे जायचं ते त्याचं तो बघेल."

मग तिने लिंबाच्या वड्यांवरचं ताट उचललं आणि दोन घेतल्या.